इंपेलर छापावा की ओतावा? प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर 2025

9 जून, सोमवार

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून स्पेंटवॉशचा पंप उतरवून आणला. पंप उघडला तेव्हा इंपेलरची, म्हणजे आत फिरून पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाची, अवस्था बघण्यासारखी होती: पात्यांच्या बाहेरच्या कडा कुरतडल्यासारख्या, पुढच्या श्राउडला (पाती झाकणाऱ्या चकतीला) अंगठा जाईल एवढं भोक. स्पेंटवॉश म्हणजे मळी आंबवून अल्कोहोल काढल्यावर उरलेलं गरम, काळपट, आम्लधर्मी पाणी. पीएच चारच्या आसपास, वर क्लोराइड. साध्या बीडाचा इंपेलर तिथे टिकत नाही, म्हणून हा 316 जातीच्या स्टेनलेसचा.

अडचण धातूची नाही. पंपाचं हे मॉडेल बनवणाऱ्यांनी कधीच बंद केलंय. ड्रॉइंग नाही, पॅटर्न (वाळूच्या साच्यात आकार उमटवायचा लाकडी नमुना) नाही. कारखान्याला वर्षाला दोन-तीन नग लागतात, आणि असेच वेगवेगळ्या मापांचे पाच-सहा इंपेलर अडलेले आहेत. प्रत्येकी दोन नगांसाठी लाकडी पॅटर्न आणि कोअरबॉक्स (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, करायची पेटी) करायचा खर्च कुणालाच परवडत नाही. आमच्या वर्कशॉपचे मालक म्हणाले, "ते थ्रीडी प्रिंटिंग थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात, बघा एकदा काय ते. गाळप सुरू व्हायच्या आत सांगा." म्हणून ही वही.

11 जून, बुधवार

जुना इंपेलर वायरकटवर (विजेच्या ठिणगीने कापणाऱ्या तारेवर) मधोमध कापला. जीवावर आलं, पण बंद इंपेलरच्या आतलं पातं बाहेरून दिसत नाही आणि स्कॅनरचा प्रकाशही तिथे पोचत नाही. कापलेली दोन्ही अर्धुकं स्कॅन केली. झिजलेल्या कडांवर विश्वास ठेवता येत नाही, त्यामुळे हबजवळचा, म्हणजे मधल्या बुंध्याजवळचा, शाबूत भाग धरून पातं बाहेरपर्यंत पुन्हा काढलं.

माप: बाहेरचा व्यास 180 मिमी, जाडी 45 मिमी, सहा पाती, पात्याची जाडी 5 मिमी, शाफ्टचं भोक 28 मिमी, एच7 या काटेकोर मापाचं. आकारमान सुमारे 330 घन सेंमी, म्हणजे वजन 2.6 किलो. पंप 2,900 आरपीएमवर फिरतो. काठाचा वेग सेकंदाला 27 मीटर. धातूच्या ताकदीच्या दृष्टीने हे काहीच नाही. या भागाला हवी गंजरोधकता, बऱ्यापैकी गुळगुळीत आतले मार्ग आणि समतोल. हे आजच लिहून ठेवतो, कारण पुढे ताकदीचे आकडे दाखवणारे बरेच भेटतील.

17 जून, मंगळवार

कागदावरची चाळणी.

डीएमएलएस: पावडरचा पातळ थर, वरून लेझर, थर वितळतो, पुन्हा थर. पावडरचे कण साधारण 15 ते 45 मायक्रॉन, थर 40 मायक्रॉन, भोवती आर्गॉन किंवा नायट्रोजन. कुणी याला एसएलएम म्हणतं, मानकांतलं नाव आणखी वेगळं. आपल्याकडे जॉबवर्कवाले सगळे डीएमएलएसच म्हणतात, मीही तेच लिहीन.

एका लेझरचं 400 वॉटचं मशीन 40 मायक्रॉन थराने तासाला जेमतेम 13 घन सेंमी स्टेनलेस वितळवतं. 330 भागिले 13, म्हणजे 25 तास नुसतं वितळवणं. भाग आडवा ठेवला तर 45 मिमी उंचीचे 1,125 थर होतात आणि पावडर पसरायला थरामागे दहा सेकंद धरले तर तीन तास. पण आडवा ठेवता येत नाही. वरचा श्राउड खालच्यावर अधांतरी लोंबतो, आडव्यापासून 45 अंशांपेक्षा कमी चढाच्या पृष्ठभागाला खालून आधार लागतो, आणि पात्यांच्या मधला आधार नंतर काढणार कसा? म्हणून सगळा भागच 45 अंशांत तिरका करायचा. उंची मग 159 मिमी होते, थर जवळपास 4,000, पावडर पसरण्यातच 11 तास. आधार धरून एकूण 40 तासांच्या पुढे.

बाइंडर जेट: पावडरवर शाईसारखा चिकट द्रव फवारून कच्चा भाग बनवायचा, मग भट्टीत भाजून घट्ट करायचा. छपाई झपाट्याने होते. भाजताना भाग प्रत्येक बाजूने 18-20 टक्के आक्रसतो. 180 मिमीचा इंपेलर 220 मिमीचा छापायचा आणि भट्टीत तो न वाकता बसेल अशी प्रार्थना करायची. बिजागरीएवढे शेकडो भाग असतील तर ही पद्धत राजा आहे. आमच्या दोन नगांना नाही. खोडली.

इलेक्ट्रॉन बीम: निर्वात पोकळीत होतं, शरीरात बसवायच्या टायटॅनियमच्या सांध्यांसाठी आणि विमानांच्या भागांसाठी उत्तम. पृष्ठभाग डीएमएलएसहून खरखरीत. खोडली.

फिलामेंट: धातूची पावडर मिसळलेली प्लास्टिकची तार साध्या प्रिंटरवर चालते. प्रिंटर आमच्याकडे आहेच. करून बघू.

वायर आर्क: मिग वेल्डिंगची तार वितळवून थरावर थर. तेही करून बघू, वेल्डिंग तर घरचंच.

24 जून, मंगळवार

एका सेवा पुरवठादाराचं सादरीकरण झालं. इस्रोचं पीएस4 इंजिन दाखवलं. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं हे इंजिन लेझर पावडर बेडने (म्हणजे डीएमएलएसनेच) पुन्हा रचलं: 14 भागांचा एक भाग झाला, 19 वेल्डजोड गेले, आणि जिथे 565 किलो फोर्जिंग व पत्रा लागायचा तिथे 13.7 किलो पावडरमध्ये भागलं. 9 मे 2024 ला ते 665 सेकंद पेटवून तपासलं. मग जीईची, विमानाच्या लीप इंजिनातली इंधन-नळी: वीसेक तुकड्यांची एक झाली, वजन पाव भागाने घटलं.

मालक माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "आपण रॉकेट करतोय का पंप?"

त्यांनी गंमत केली, पण परतताना मला तीच गोष्ट डाचत राहिली. या दोन्ही उदाहरणांत फायदा आला कुठून? जोड नाहीसे झाले त्यातून, आणि ठोकळा कोरून वाया जाणारा धातू वाचला त्यातून. आमचा इंपेलर ओतीव आहे. ओतीव भाग जन्मतःच एकसंध असतो, त्याला जोड नाहीत आणि तो ठोकळ्यातून कोरलेलाही नाही. म्हणजे छपाईचे जे दोन मोठे फायदे, ते इथे आधीच खिशात आहेत. उरतो एकच फायदा: पॅटर्न नको. तेवढ्यासाठी 40 तासांचं लेझर?

उत्तर आज नाही. प्रश्न मात्र नीट सापडला.

1 जुलै, मंगळवार

फिलामेंटची चाचणी सुरू. तारेत वजनाने सुमारे 80 टक्के 316एल (कमी कार्बनचं 316) पावडर. पूर्ण मापाचा नग भट्टीवाल्याने घ्यायलाच नकार दिला, म्हणून 80 मिमी व्यासाची लहान प्रतिकृती. आक्रसण्याचा हिशोब आडवं 1.2 पट, उभं 1.26 पट. 80 चं 96 मिमी छापलं, 20 मिमी उंचीचं 25.2. दोन्ही दिशांचे गुणक वेगळे असल्यामुळे पात्याचा कोनही छापताना वेगळा दिसतो. पहिल्यांदा फाइल बघून मला वाटलं मीच कुठेतरी चुकलोय.

रोल हातात घेतला तेव्हा वजन जाणवलं. प्लास्टिक म्हणून उचलायला जावं आणि मनगटाला झटका बसावा तसं.

15 जुलै, मंगळवार

भट्टीतून परत आला. आधी नायट्रिक आम्लाच्या वाफेत 120 अंशांना चिकट द्रव्य काढतात, मग 1,380 अंशांना भाजतात. हातात घेतला तर खराखुरा धातू, टिचकी मारली की वाजतो. ऑफिसात सगळ्यांच्या हातांतून फिरून आला.

मग व्हर्नियर लावला. एका दिशेने 79.5, काटकोनात 80.4. तळाचं घर्षण भागाला आक्रसू देत नाही, वरचा भाग मात्र मोकळेपणी आत येतो. वरचा श्राउड दोन पात्यांच्या मध्ये पापडासारखा किंचित खाली बसलाय. अर्ध्याहून लहान प्रतिकृतीची ही कथा, तर 180 ची विचारायलाच नको. शिवाय जाड हबमधून चिकट द्रव्य बाहेर यायला वेळ लागतो. घाई केली की आत फुगे.

असं असलं तरी पद्धत टाकाऊ म्हणणार नाही. मूठभर आकाराचे ब्रॅकेट, जिग, सेन्सरची टोपी, जिथे अर्धा मिमी इकडेतिकडे चालतो, तिथे हिच्याइतकं स्वस्त काही नाही. कॅलिपरची पकड तुटली होती, ती याच रोलातून करून घेणार आहे.

18 जुलै, शुक्रवार

वायर आर्क. वेल्डर तात्यांना रॉटरडॅमच्या प्रोपेलरचा फोटो दाखवला. 2017 सालचा, निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझचा, 298 थर वेल्डने चढवून केलेला आणि वर्गीकरण संस्थेने मान्यता दिलेला. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितला.

"हे बिल्डअपच की वो साहेब. शाफ्टचा गळा झिजला की मी काय करतो मग?"

खरं आहे. तीस वर्षं तात्या हेच करतायत, फक्त हात रोबोचा नाही. दुपारी जुन्या रोटरी टेबलावर 316एलच्या 1.2 मिमी तारेने प्लेटवर एक कडं चढवायला घेतलं. थर दीड-दोन मिमीचे, लाट उमटलेली, पण तासाभरात किलोच्या वर धातू चढला. डीएमएलएस तेवढ्याला दहा तास घेतं. पाचव्या थरानंतर प्लेट तापून बशीसारखी उचलली, थांबून थांबून काम करावं लागलं.

प्रोपेलरला हे जमतं कारण त्याची पाती उघडी असतात; वरून मिलिंग कटर कुठेही पोचतो. आमचा इंपेलर बंद. पाती चढवून, मिलिंग करून, वर श्राउडची चकती वेल्ड करायची म्हटलं तर सहा पात्यांवरची ती वेल्ड स्पेंटवॉशमध्ये पहिल्यांदा कुरतडली जाणार. तात्यांचंही तेच मत: "वेल्ड जिथं, तिथंच खातंय बघा ते पाणी."

दुरुस्तीसाठी मात्र ठरलं: झिजलेले हब आणि गळे इथेच भरायचे.

29 जुलै, मंगळवार

मालकांनी डीएमएलएसचा एकच नग मंजूर केला. कोटेशन बघून मी गप्प बसलो, तेही बसले. मग म्हणाले, "करू. ऐन गाळपात पंप बसला तर हाच मार्ग उरेल, तो माहीत असायला पाहिजे."

फाइल पाठवली. मशीनिंगसाठी गळ्यावर (पाणी आत घेणाऱ्या तोंडाच्या कड्यावर) प्रत्येक बाजूला अर्धा मिमी जादा, भोक 24 चं. पुरवठादाराने विचारलं, प्लेटवर असतानाच स्ट्रेस रिलीफ (भट्टीत तापवून आतला ताण घालवणं) करून मग वायरकट करायचं का, भट्टीच्या रांगेमुळे चार दिवस जादा लागतील. मी म्हटलं, तसंच कापा, नंतर बघू.

12 ऑगस्ट, मंगळवार

आला. राखाडी, मॅट, अंगावर वाळूच्या कागदासारखी खरखर. आतल्या मार्गात बोट घातलं तर वरच्या अंगाला बरं, खालच्या अंगाला काटेरी. खालून आधार नसलेला पृष्ठभाग असाच येतो, कारण वितळलेला धातू खालच्या सैल पावडरीत किंचित झिरपतो आणि कण चिकटून राहतात.

गळ्याचं माप: हवं होतं 86.0. एका दिशेने 85.3, काटकोनात 86.5. अंडाकृती. दोष पुरवठादाराचा नाही, माझा. लेझरने वितळून थिजलेल्या प्रत्येक थरात ताण कोंडलेला असतो, प्लेटने धरून ठेवलेलं असतं म्हणून दिसत नाही. भट्टीत तो ताण घालवायच्या आधी प्लेटपासून सोडवलं की भाग हवं तसं अंग टाकतो. चार दिवस वाचवायला गेलो. हे पुस्तकात वाचलेलं होतं, यापेक्षा लाजिरवाणं काही नाही.

आता भट्टीत पाठवतोय. वाकडेपणा जाणार नाही, पण मशीनिंगमध्ये आणखी हलायचा तरी नाही.

19 ऑगस्ट, मंगळवार

लेथवर पहिला प्रश्न: पकडायचं कुठे? ओतीव भागाला टर्नरने वर्षानुवर्षं पकडलेल्या जागा असतात. इथे सगळंच खरखरीत, एकही पृष्ठभाग भरवशाचा नाही. शेवटी मागच्या श्राउडवर तीन टेकू देऊन डायल लावत अर्धा दिवस गेला. पुढच्या वेळी फाइलमध्येच पकडीसाठी एक कॉलर काढायची, नंतर कापून टाकायची.

गळा 85.0 ला गोल व्हायला हवा होता. 84.6 ला पूर्ण साफ झाला. मग वेअर रिंगच (गळ्याभोवती बसणारी झिजायची कडी) त्या मापाची लहान भोकाची बनवली. वर्कशॉपचा धर्म: भाग चुकला तर जोडीदाराला त्याच्या मापाचं करा.

डीपी टेस्टमध्ये (लाल रंग मुरवून भेगा शोधायची चाचणी) सगळा इंपेलर लालेलाल! घाबरलो. मग लक्षात आलं, लाल रंग खरखरीतपणात अडकून बसतो, धुतला जात नाही, आणि वरून पांढरा डेव्हलपर मारला की सगळीकडून पाझरतो. मशीन केलेल्या जागी एकही खूण नाही. छापलेल्या पृष्ठभागावर डीपी म्हणजे गोधडीवर शाईचा डाग शोधणं.

बॅलन्सिंग: जी6.3 वर्ग, 2,900 आरपीएम. परवानगी किलोमागे 20.7 ग्रॅम-मिमी, म्हणजे पूर्ण भागाला सुमारे 54. काठावर 80 मिमी त्रिज्येला पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. दोनदा श्राउडवरून धातू घासून बसवला.

सोबत छापलेल्या पट्ट्या तोडून बघितल्या, यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) 480 मेगापास्कल. सीएफ3एम ला, म्हणजे 316एलच्या ओतीव जातीला, किमान 205 मागतात. दुपटीहून जास्त, आणि 11 जूनला लिहिलं तेच पुन्हा: या भागाला त्याचा काडीइतका उपयोग नाही.

अंतिम वजन 2.58 किलो.

26 ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती, अर्धी माणसं दुपारीच गेली. पॅटर्नवाले आप्पा मोदकांचं साहित्य घेऊन जाता जाता आत डोकावले. वय सत्तरीला आलेलं, उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे पॅटर्न करण्यात उमेदीची वर्षं गेलेली. टेबलावरचा छापलेला इंपेलर आणि जुन्याची कापलेली अर्धुकं, दोन्ही उलटसुलट करून बघितली.

"एवढं सगळं कशाला छापलंसा?"

मी म्हटलं, आप्पा, पॅटर्न नाही म्हणून.

"बाहेरनं काय हाय ह्यात? चकती हाय. लेथवर लाकूड लावलं की दोन दिवसांत पॅटर्न देतो. अवघड हाय ते आतलं. सहा पाती सुटी करून कोअरबॉक्स करायचा, त्याला महिना जातोय, आणि आता माझं डोळंबी साथ देत न्हाईत. आतलं तेवढं छापा की. कोअर छापा."

अडीच महिने मी भाग छापायचा कसा याच्याच मागे होतो. आप्पांनी दोन मिनिटांत प्रश्न निम्मा केला. वाळूची छपाई मला माहीत होती, नाही असं नाही. पण माझ्या यादीचं नाव "धातू छपाई" होतं, म्हणून तिथे वाळूला जागाच नव्हती.

1 सप्टेंबर, सोमवार

वाळू छपाई ही बाइंडर जेटच आहे, फक्त पावडरच्या जागी वाळू आणि चिकटवायला फ्युरान. थर 0.3 मिमीच्या आसपास, म्हणजे आपल्या 60 मिमी उंचीच्या कोअरला 200 थर. भाजणं नाही, आक्रसणं नाही. धातूच्या बाइंडर जेटला ज्यासाठी जूनमध्ये खोडलं तो दोषच इथे नाही, कारण वाळूचं काम धातू थिजेपर्यंत उभं राहायचं, मग फुटून जायचं.

फाइल पाठवण्याआधी आप्पांना दाखवली. पहिला प्रश्न: "पट्टी कुठली वापरली?" स्टेनलेस थिजून गार होताना सुमारे दोन टक्के आकुंचन पावतं. पॅटर्नवाल्यांची पट्टीच तेवढी लांब आखलेली असते, 180 म्हणून मोजलं की लाकूड 183.6 चं कापलं जातं. आप्पांचा बाहेरचा पॅटर्न त्या पट्टीने झालाय, आणि माझा कोअर खऱ्या मापाचा. बसलाच नसता. फाइल 1.02 ने वाढवली.

गॅससाठी कोअरच्या पोटातून वाकडे मार्ग काढले, सहाही पाकळ्यांतून मधल्या बुंध्यापर्यंत. लाकडी कोअरबॉक्समधल्या कोअरला सुया टोचून सरळ भोकं पाडतात. असे वाकलेले मार्ग फक्त छपाईतच होतात. इतक्या महिन्यांत छपाईने काहीतरी नवं दिलं असं पहिल्यांदाच वाटलं.

9 सप्टेंबर, मंगळवार

कोअर आला. थर्माकोलच्या खोक्यात, वरून लिहिलेलं "सावकाश". पात्यांच्या 5 मिमी फटींत सैल वाळू अडकलेली, ब्रश आणि हलक्या हवेने तासभर काढली. थरांच्या पायऱ्या दिसतात. कागदाने हळू घासलं, मग झिरकॉनचा लेप दिला, त्यात बऱ्याच बुजल्या.

15 सप्टेंबर, सोमवार

पहिलं ओतकाम. फौंड्रीत सीएफ3एम ची हीट (भट्टीभर धातू वितळवणं) आमच्या एका इंपेलरसाठी लावत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या व्हॉल्व्हबॉडीच्या ऑर्डरीत आमचा साचा शेजारी बसवला. 1,570 अंशांच्या आसपास ओतलं. आठवडाभर पाऊस, शेडमध्ये दमट हवा.

संध्याकाळी फोडलं. वरच्या श्राउडवर ब्लोहोलची, म्हणजे अडकलेल्या गॅसच्या भोकांची, रांग. कोअरचे मार्ग ठीक होते, पण ते जिथे बाहेर निघतात तिथे साच्यात पुढचा रस्ताच ठेवला नव्हता. चिमणी बांधली आणि छपराला भोक पाडायचं राहिलं, असं झालं. वर लेप दिलेला कोअर रात्रभर दमटात पडलेला, तो पुन्हा तापवून घ्यायला हवा होता.

नग भंगारात. कोअरची फाइल आहे, पॅटर्न आहे. आठ दिवसांत दुसरा कोअर.

1 ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. मशीनं धुऊनपुसून झेंडू लावले. तात्यांनी मिगच्या टॉर्चला हार घातला, टर्नरने लेथच्या चकला. आप्पांनी आपल्या पट्टीशेजारी दुसरा कोअर ठेवला आणि त्यालाही हळदकुंकू लावलं. "ह्यो बी हत्यारच की." लेपाला डाग पडेल म्हणून मी घाबरलो, मग घासून काढलं.

6 ऑक्टोबर, सोमवार

दुसरं ओतकाम. कोअर ओव्हनमध्ये तापवून थेट साच्यात, वरच्या पेटीतून वाफेला सरळ वाट. ओतताना त्या वाटेतून निळी ज्योत पेटली आणि सगळे एकदम बोलायचे थांबले. गॅस बाहेर येतोय.

फोडल्यावर स्वच्छ. रायझर (आक्रसताना धातू पुरवणारा जादा खांब) कापून सोल्यूशन अॅनिलिंगला पाठवलं: 1,040 अंशांच्या वर नेऊन पाण्यात.

13 ऑक्टोबर, सोमवार

मशीनिंग. टर्नरने चकात धरला, डायल लावला, चहा संपायच्या आत पहिला कट. गळा 85.0 ला साफ. डीपीत हबजवळ एक बारीक खूण, घासल्यावर गेली. बॅलन्सिंग एकदाच. वजन 2.71 किलो, पात्यांच्या मुळाशी गोलाई जास्त आहे म्हणून.

हिशोब टेबलावर मांडला. डीएमएलएसचा नग फाइल पाठवल्यापासून तयार व्हायला 21 दिवस. माझी चूक नसती तरी स्ट्रेस रिलीफचे चार दिवस धरून साधारण तेवढेच. छापलेल्या कोअरचा पहिला यशस्वी नग, भंगार आणि हीटची वाट पाहणं धरून, 42 दिवस. पुढचा नग त्याच फाइलवर तीन आठवड्यांत निघेल, म्हणजे बरोबरी. खर्च मात्र डीएमएलएसचा साडेपाच पट, आणि तोही आप्पांच्या पॅटर्नची मजुरी ओतकामाच्या बाजूला धरून.

मालकांनी विचारलं, मग लेझर बाद का? बाद नाही. डिस्टिलरी ऐन हंगामात बंद पडली आणि फौंड्रीत महिनाभर स्टेनलेसची हीटच नसेल, तर साडेपाच पटसुद्धा स्वस्त पडेल. दुसरं, 60-70 मिमीच्या आतले लहान इंपेलर, ज्यांची पाती दोन-अडीच मिमीची आहेत: तिथे वाळूत धातू भरतच नाही, आणि आकारमान घनाने घटत असल्यामुळे वितळवण्याचे तासही दीडेकवर येतात, पावडर पसरणं धरून सहाच्या आसपास. सहा अडलेल्या इंपेलरांपैकी एक तसा आहे. तो छापायचा. या वेळी प्लेटवरच स्ट्रेस रिलीफ, पकडायला कॉलर. बाकी पाचांचे कोअर.

24 नोव्हेंबर, सोमवार

डिस्टिलरीत दोन्ही पंप बसवले. एक चालू, एक राखीव, आठवड्याआड अदलाबदल. एकात छापलेला, दुसऱ्यात ओतलेला. व्हॉल्व्ह तेवढाच उघडा ठेवून पाठोपाठ चालवले. मोटरचा करंट 17.3 आणि 17.1 अँपिअर. दाबाचा काटा दोन्हीकडे एकाच रेघेवर.

ऑपरेटरला विचारलं, काही फरक वाटतो का? तो पंपाच्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावून ऐकत होता. "दोन्ही सारखंच वाजतंय. कुठला महागाचा?"

डावीकडचा, म्हटलं. त्याने डाव्या पंपावर खडूने फुली मारली.

मार्चमध्ये, गाळप संपलं की, दोन्ही उघडून वजन करायचं. आजचे आकडे: डावा 2.58, उजवा 2.71.